रवा मोठा आहे

दुपारच्या चहाचं आधण ठेवायच्या वेळेला दाराची कडी वाजली की आमच्या घरात कुणी हलत नसे. मी नवऱ्याकडे बघायची आणि नवरा वर्तमानपत्र आणखी वर धरायचा. शेवटी मीच उठायची. दारात पिंपळखुटे काका उभे असत. हातात झाकण घातलेली वाटी, शर्टाच्या खिशात चमचा, गळ्यात काळ्या नाडीने अडकवलेलं भिंग, आणि चेहऱ्यावर कुणाची तरी वाईट बातमी द्यायला आल्याची कळा.

"फसलंय," ते म्हणत. "खाऊन बघ."

फसलेला जिन्नस शेजारणीच्या घशाखाली घालण्याची ही कुठली पद्धत, हे त्यांना विचारायचं माझ्या फार मनात होतं. पण काका वयाने वडिलांसारखे, त्यांचं क्वार्टर आमच्या क्वार्टरला लागून, आणि माझं माहेर नागपूरचं तसे तेही नागपूरचे. भोपाळात राहून आपल्या भाषेत 'खाऊन बघ' म्हणणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. मी खायची. त्या वाटीत कधी पपई असे, कधी चिकू, कधी खरबूज, आणि एकदा तर कलिंगड होतं. सगळं गोठवलेलं. दुधाचा थेंब न घालता फळांचं आईस्क्रीम करायचं असा त्यांचा पण होता. कलिंगडाच्या वेळी माझा चमचा वाकला. मी आतून दुसरा आणला.

"आशा ठेवू नकोस," काका म्हणाले. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, वाटीवर वाकले आणि डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तशा आवाजात म्हणाले, "रवा मोठा आहे."

हे 'रवा मोठा आहे' आमच्या जिन्यात इतकं रुळलं होतं की वरच्या मजल्यावरच्या श्रीवास्तव भाभींना मराठीतलं 'या, बसा'सुद्धा धड येत नसताना, मुलाचं प्रगतिपुस्तक हातात पडलं की त्या कपाळाला हात लावून "रवा मोठा आहे" म्हणायच्या.

काका कारखान्याच्या फाउंड्रीत सकाळच्या पाळीत तपासणीला होते. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून जे अवजड भाग तयार होतात, ते पास की नापास हे ठरवणं त्यांचं काम. धातू थंड होताना त्याचे कण धरतात. सावकाश थंड झाला तर रवा मोठा, भरभर थंड झाला तर बारीक. मोठ्या रव्याचा माल ठिसूळ, आणि ठिसूळ माल काकांच्या हातून कधी सुटला नाही. फाउंड्रीतले लोक त्यांना मागून 'रिजेक्ट साहब' म्हणत. समोरूनही म्हणत असावेत, कारण काकांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या मते जगातला बहुतेक माल तसाच होता.

ही नोकरी त्यांच्या अंगात फार खोलवर मुरली होती. माझ्या नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. काका म्हणाले, "सांभाळ म्हणावं. वर गेलेला माणूस लांबून दिसतो." लग्नाला गेले की ते स्टेजवरच्या जोडप्याकडे बराच वेळ बघत आणि परत येताना एकच शब्द बोलत, "बघू." माझी कुंडीतली तुळस चांगली डवरली होती. तिच्यापाशी थांबून त्यांनी हळहळून मान हलवली. आठवड्याभरात तुळस गेली आणि मला आजतागायत असा संशय आहे की तिने ते ऐकलं. थंडीतल्या सकाळी सगळी टाउनशिप उन्हात खुर्च्या टाकून बसलेली असे, तेव्हा काका फाटकाशी उभे राहून आकाशाकडे बघत आणि म्हणत, "टिकायचं नाही."

अशा माणसाच्या शेजारी राहून आपणही तसे होतो. मी शाळेत शिकवते. निबंधाच्या वह्या तपासताना माझ्या तोंडून आपोआप "यात काही राम नाही" निघायला लागलं, तेव्हा मी घाबरले.

इंदूकाकूंना मात्र या सगळ्याची बाधा झाली नव्हती. त्या गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या आणि खाण्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या. त्यातून दूध म्हणजे जीव की प्राण. दुधावरची साय त्या बोटाने उचलून खायच्या, आटवलेल्या दुधाच्या पातेल्याची खरवड दुसऱ्या कुणाला लागू द्यायच्या नाहीत, आणि दर रविवारी संध्याकाळी काका त्यांना स्कूटरवर बसवून टी. टी. नगरच्या बाजारात आईस्क्रीम खायला न्यायचे. एकदा मीही बरोबर गेले होते. काकूंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. बाजारात रेटारेटी, हॉर्न, फुगेवाल्यांची पिपाणी, आणि ही बाई त्या सगळ्याच्या मधोमध डोळे मिटून उभी. काकांच्या हातातलं आईस्क्रीम वितळून मनगटावर ओघळत होतं. ते काकूंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होते. काकांनी काहीतरी पास केलेलं मी पाहिलं ते तेवढंच.

मग काकांना अटॅक आला. फाउंड्रीतच, उभ्याउभ्या. दवाखान्यात बरेच दिवस काढून, अंगावर ढगळ झालेले कपडे घालून ते घरी परतले, तेव्हा काकूंनी जाहीर केलं की आपण काशीला जाऊन येणार. नवस बोलले होते मी, म्हणाल्या.

काशीला गेलं की आपली एखादी आवडती वस्तू कायमची सोडून यायची, हे आपल्याकडच्या पुष्कळ घरांत असतं. माझ्या आजीने वांगं सोडलं होतं आणि मरेपर्यंत ती दुसऱ्यांच्या ताटातल्या भरल्या वांग्याकडे बघत राहिली. काका-काकू घाटावर बसले. गुरुजींनी काकांना विचारलं, काय सोडता? काका सरकारी चेहऱ्याने म्हणाले, "कारलं."

आता, काकांनी जन्मात कारलं खाल्लं नव्हतं. कारल्याची भाजी घरात शिजली तर ते बाहेर जाऊन बसत. गुरुजींच्या मागे रांग होती, त्यांनी पाणी सोडायला लावलं आणि काकूंकडे वळले. काकूंनी दूध सोडलं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळं. आईस्क्रीम त्यात आलंच.

परत आल्यावर ही कारल्याची गोष्ट काकूंनीच आमच्या अंगणात रंगवून सांगितली आणि सगळ्या बायका पोट धरधरून हसल्या. कारलं सोडून आलेला माणूस म्हणून काका टाउनशिपभर गाजले. काकूही हसत होत्या. त्यांच्या हातात कोरा चहा होता.

रविवारची स्कूटर थांबली. काकू कोरडी पुरणपोळी खायला लागल्या. त्या कुरकुरल्या मात्र नाहीत, आणि हे काकांना सोसवलं नसावं. एकदा ते जवाहर चौकातून भलीमोठी पपई घेऊन आले, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आमच्या जिन्याचे वाईट दिवस सुरू झाले.

काकांचं म्हणणं साधं होतं. आईस्क्रीममधलं दूध काय करतं, तर बर्फाचा रवा मोठा होऊ देत नाही. ते काम दुधाशिवाय कुणाकडून तरी करून घेतलं की झालं. शेवटी गोठवणं म्हणजे ओतकामच, आणि ओतकामात आपला हात कोण धरणार? फळाचा गर काढायचा, साखर घालायची, फ्रीजरमध्ये ठेवायचा, अर्धवट गोठला की मिक्सरमधून फिरवायचा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा फिरवायचा. त्या मिक्सरच्या आवाजाने माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. पपईला उग्र वास आला. चिकू ओल्या वाळूसारखा लागला. आंब्याचे धागे दातांत अडकले. फालसे आणले, ते आंबट-थंड होऊन दाढेत कळ गेली. केळं घातलं की छान गुळगुळीत होई हे खरं, पण मग कुठल्याही फळाला केळ्याचीच चव येई. "जिथे तिथे पुढे पुढे करतं," काका केळ्याबद्दल कडवटपणे म्हणाले आणि त्यांनी केळं बंद केलं.

आमचे फ्रीज तेव्हा एका दाराचे, आत वरच्या बाजूला फ्रीजरचा एवढासा कप्पा. काकांचा कप्पा पुरेना. मग आमचा गेला, मग श्रीवास्तव भाभींचा गेला. भाभींच्या घरी पाहुणे आले आणि त्यांनी बर्फ काढायला कप्पा उघडला, तर आत डबेच डबे. "शुभांगी, मेरे घर में बर्फ छोड़के सब जमा हुआ है," त्या मला म्हणाल्या. पण काकांना त्याही काही बोलल्या नाहीत.

मध्ये माझ्या नवऱ्याला बुद्धी सुचली. तो म्हणाला, "काका, नारळाचं दूध घालून बघा ना. मस्त होतं." काकांच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडला. त्यांनी नारळ आणला, खवला, पिळला. काकूंनी वाटीला हातही लावला नाही. दूध म्हणून जे काही असेल ते सगळं सोडलंय, म्हणाल्या, उगाच विषाची परीक्षा कशाला. काकांनी ती वाटी आम्हाला आणून दिली. आजवरचा सगळ्यात चांगला माल होता तो. "रिजेक्ट," काका म्हणाले, आणि भिंगही न लावता निघून गेले.

एक मात्र होतं. आमच्याकडे वाटी यायची ती नंतर. पहिली वाटी काकूंची. त्या अंगणातल्या खुर्चीवर बसून ती शेवटपर्यंत खायच्या, चमचा चाटायच्या आणि म्हणायच्या, "छान झालंय हो." दगड झालेलं कलिंगडसुद्धा छान झालेलं होतं. काका वाटीकडे बघतच नसत. ते काकूंच्या डोळ्यांकडे बघत असत. मग आमच्या दारात येऊन मला सांगत, "फसलंय. डोळे उघडेच होते."

उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी मला त्यांची खरोखर काळजी वाटायला लागली. डॉक्टरांनी त्यांना जड उचलू नका, दगदग करू नका, असं बजावलं होतं. आणि हे रोज जवाहर चौकात उन्हात उभे. तिथला फळवाला त्यांना ओळखायला लागला होता. मी एकदा बरोबर होते तर तो मला म्हणाला, "बहनजी, साब फल ऐसे देखते हैं जैसे लड़की देखने आए हों, और फिर मना कर देते हैं."

त्या दिवशी परत आल्यावर काका आमच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं. मी म्हटलं, "काका, पुरे करा आता हे. काकूंना त्याचं काही वाटत नाही. सवय झालीय त्यांना."

"तिने पेरू सोडायचा ठरवला होता," काका म्हणाले.

मला काही कळलं नाही.

"काशीला. गाडीत बसल्यापासून ठरलेलं होतं. मी पेरू सोडते, म्हणाली, आवडतो मला, पण त्याच्यावाचून चालेल. मी म्हटलं, बरं. मग घाटावर गुरुजींनी मला आधी विचारलं आणि मी कारलं म्हणालो. मला त्या सगळ्यात काही गंमत वाटत होती की काय, कुणास ठाऊक. मरता मरता वाचलेल्या माणसाला वाटतं आपण लई शहाणे. तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग गुरुजींना म्हणाली, दूध." त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता. "माझं कमी पडलं ना. तेवढं तिने भरून काढलं."

सगळ्या टाउनशिपला हसवणारी ती गोष्ट मला पुन्हा कधी हसत ऐकवली नाही. काकूंनी ती सांगताना हा भाग गाळला होता, आणि तो गाळून नवऱ्याला हास्यास्पद केलं होतं, पण लहान होऊ दिलं नव्हतं.

"जमायचं नाही हे," काका उठताना म्हणाले. "मला ठाऊक आहे. पण बसवत नाही."

पाऊसकाळ सरला आणि सीताफळं आली. भोपाळच्या आजूबाजूला सीताफळांना काही तोटा नाही. काकांनी एक फोडलं, गर बोटाने चेपून बघितला, भिंगाखाली धरला आणि बराच वेळ तसेच राहिले. "याला मुळातच साय आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती. मला ते ऐकवेना. आशा ठेवण्याची त्यांना सवयच नव्हती.

फ्रीजरचा नाद त्यांनी सोडून दिला. फ्रीजर सावकाश गोठवतो, हीच चूक होती, म्हणाले. माल भरभर थंड झाला पाहिजे आणि होताना हलता राहिला पाहिजे. त्यांनी क्लबाच्या अडगळीतून हाताने फिरवायचा आईस्क्रीमचा लाकडी पॉट मागून आणला. बर्फाची लादी आणून पोत्यात घालून ठोकली. खडेमीठ आणलं. बर्फात मीठ पडलं की तो आणखी थंड होतो, हे त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. सीताफळांच्या बिया काढण्याचं काम मात्र काही केल्या सरेना. एकेक पाकळी, एकेक बी. काका, मी आणि भाभी परातीभोवती बसलो होतो. भाभी म्हणाल्या, "भाईसाब, इतनी मेहनत में तो आदमी तर जाए." काका म्हणाले, "फसेल बघा."

पॉट आमच्या मागच्या अंगणात ठेवला, कारण त्यांच्या अंगणात काकूंनी काकांना दांडा फिरवू दिला नसता. दांडा मी फिरवला. नवरा नेमका दुसऱ्या पाळीला गेला होता. आधी सोपं जात होतं, मग दांडा जड व्हायला लागला, मग माझा खांदा बोलायला लागला. मी थांबले की काका तळमळत, "थांबू नको, रवा धरेल." भाभींनी पदर खोचला आणि माझ्या हातातून दांडा घेतला. काका नुसते उभे होते. त्यांचे हात मात्र आपोआप गोल फिरत होते.

शेवटी दांडा हलेनाच. काकांनी झाकण काढलं. चमच्याच्या टोकावर थोडं घेतलं, भिंग लावलं. उन्हात धरलं, पुन्हा बघितलं. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते 'फसलंय' म्हणाले नाहीत, 'रवा मोठा आहे' म्हणाले नाहीत. त्यांनी वाटी भरली, कडा रुमालाने पुसली आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. आम्ही मागोमाग गेलो, नाही गेलो तर राहवलं नसतं.

काकू कपडे वाळत घालत होत्या. "आज काय?" म्हणत त्या खुर्चीवर बसल्या आणि पहिला चमचा तोंडात घातला.

त्यांचे डोळे मिटले.

मी काकांकडे पाहिलं. ते दोरीवरचा ओला टॉवेल मुठीत धरून उभे होते आणि त्यातलं पाणी त्यांच्या चपलेवर गळत होतं. मला वाटलं, झालं. संपलं एकदाचं. भाभींनी तर डोळ्याला पदर लावला.

काकूंनी डोळे उघडले आणि वाटी खाली ठेवली.

"दूध घातलंत?"

"नाही," काका म्हणाले.

"खरं सांगा."

"काकू, मी तिथेच होते," मी म्हटलं. "नुसतं सीताफळ आहे. साखर आणि थोडं लिंबू."

काकूंनी माझ्यावर विश्वास ठेवला, ते दिसलं. त्यांनी वाटीकडे पाहिलं. मग फार हळू आवाजात काकांना म्हणाल्या, "मग मी सोडलं काय?"

काकांनी खुर्चीकडे एक पाऊल टाकलं.

"मी तिथे सांगून आले, मला सगळ्यात आवडतं ते घे आणि यांना ठेव. त्याने ठेवलंय. आणि आता तेच मी इथे अंगणात बसून खाऊ? दूध नाही, पण मला तर तेच मिळालं ना? तुम्ही कारलं देऊन आलात. घरातल्या एकाने फसवलं तेवढं पुरे आहे." त्या उठल्या. काकांच्या हातातला टॉवेल त्यांनी सोडवून घेतला, झटकून पुन्हा दोरीवर टाकला. "फार छान झालंय हो," म्हणाल्या. "मला नको." आणि आत गेल्या. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. भीती होती. काकांचं काही होईल याची भीती.

इतके महिने ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं ते जमलं आणि जमलं म्हणूनच निकामी झालं. काका त्या वाटीजवळ उभे होते. मला वाटलं ते भिंग काढतील, काही दोष सापडतोय का बघतील. त्यांनी ते गळ्यातून काढलं आणि खिशात ठेवलं. पॉटमधलं बाकीचं आम्ही खाल्लं, टाकवेना म्हणून. तसं आईस्क्रीम मी आयुष्यात कुठे खाल्लं नाही. आणि ते गिळताना मला इतकं वाईट वाटत होतं की अजूनही सीताफळ समोर आलं की मी नको म्हणते.

त्यानंतर आमच्या दाराची कडी वाजली नाही. मिक्सर बंद, फ्रीजर रिकामे. भाभींच्या घरी बर्फ झाला. काका कामावर जात, येत, फाटकाशी उभे राहून आकाशाकडे बघत आणि आता 'टिकायचं नाही' एवढंही म्हणत नसत. माझी दुपारची झोप मला परत मिळाली होती, पण डोळा लागेना. मी पडल्या पडल्या भिंतीपलीकडच्या मिक्सरची वाट बघायची.

थंडी पडली. बाजारात पेरू आले. एका दुपारी कडी वाजली आणि नवरा आणि मी एकदमच उठलो.

दारात काका. हातात वाटी, खिशात चमचा. गळ्यात भिंग नव्हतं.

"फसलंय?" मी विचारलं.

"खाऊन बघ," ते म्हणाले. "दाताला लागतो का सांग."

पेरूचं होतं. वास सुरेख, गोडी बरोबर, बिया गाळून घेतलेल्या. आणि बर्फाचे कण दाताखाली कचकच लागत होते. फार नाही. जेवढ्यास तेवढे.

"लागतो," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, काका."

त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग दाराच्या चौकटीला टेकून, खाली बघत म्हणाले, "बारीक करणं आता सोपं आहे. हे जड जातं. जास्त मोठा झाला तर तिला खाववत नाही, आणि बारीक झाला तर ती खात नाही. मध्ये कुठेतरी धरावा लागतो. काल जरा बारीक आला होता. टाकून दिला." आणि ते आपल्या अंगणात गेले.

मी कुंपणाशी गेले. काकू उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. काकांनी वाटी त्यांच्या हातात दिली आणि समोर उभे राहिले. काकूंनी चमचा तोंडात घातला. कचकच माझ्यापर्यंत ऐकू आली. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या काकांकडेच बघत होत्या, अशा बघत होत्या की त्यांना सगळं कळलंय हे मला तिथून, कुंपणापलीकडून समजलं.

"रवा मोठा आहे हो," काकू म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली. "हो," म्हणाले. "फसलंय."

काकूंनी वाटीच्या कडेने चमचा फिरवला, तळाशी राहिलेलं खरवडून खाल्लं, आणि वाटी त्यांच्यापुढे केली.

"अजून थोडं आणा," म्हणाल्या.